असा

एका मुलाला एक मिनिट.
मोबाईलवर घड्याळ लावून मी मांडीवर पुठ्ठा धरते.
बरोबर शब्दाला टिक, गाळलेल्याला गोल,
बदलला असेल तर वरती लिहायचा, ऐकला तसाच,
आणि स्वतःच मागे फिरून सुधारला
तर बारीकसा 'स्व'.
व्हरांड्यात बसलोय, वर्गात दुसरीचे पाढे चाललेत.
खाली तारामुंबरीच्या जेटीवर लिलाव,
त्याचे आकडे मधूनच माझ्या कागदात घुसतात.

पहिला यज्ञेश टिकम.
त्र्याऐंशी शब्द, चूक शून्य.
पूर्णविरामाला थांबला नाही, श्वास संपेल तिथे थांबला,
उतारावर सुटलेली सायकल.
आजोबा कुठे गेले होते रे?
त्यानं पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग जेटीकडे.
"माका म्हायत नाय, बाई."
शंभर टक्के लिहिताना पेन अडखळलं
आणि त्याची नोंद कुणी केली नाही.

मग दुर्वा खवणेकर.
काल देवळात रात्रभर दशावतार, डोळे तांबडे.
त्याला रकाना नाही.
पुस्तकात आहे:
आजोबा किनाऱ्यावर गेले. नौका वाळूत उभी आहे.
दुर्वाचं बोट सरकतं,
आजोबा कि... किना...
'ऱ्या'पाशी बोट रुतलं.
वर न बघता म्हणाली, "वेळार गेले.
होडी वाळूत उभी असा."

पहिल्या वर्षी मी असल्या 'असा'वर
लाल फुली मारायचे.
असा म्हणजे कसा, विचारायचे.
पोरं गप्प. असा म्हणजे असा, आणखी कसा असणार?
मी उदगीरकडची. माझ्या 'लई'ला खिदळलेला वर्ग
आता हायस्कुलात गेलाय.
कितीएक फुल्यांनंतर ध्यानात आलं
की छापलेला 'आहे' हिच्या डोळ्यांतून आत गेला,
घरी जाऊन आला,
आणि येताना घरचे कपडे घालून आला.
न कळलेला शब्द कुणी घरी नेत नाही.

'सूर्य'ला सुरय म्हणाली, मागे आली, सूर्य. स्व.
"मग मरती आली..."
थांबली. कपाळाला आठी.
"मरती नाय. पाणी मरता खंय? भरती."
स्व. हा मी जरा मोठाच काढला.

मिनिट संपलं. पन्नास शब्द, आठ चुका.
मी विचारलं, काय झालं गं गोष्टीत?
"बाई, गोष्ट चुकीची असा."
म्हणजे?
"भरती इली ना? मग आज्यान होडी वर ओढूकच नाय.
व्हावान जातली ती.
पुढच्या पानार परत तिथेच कशी?"
मी पान उलटलं.
होडी तिथेच होती, रंगीत, कोरडी.
शेजारी आजोबा हसत होते.
तीन वर्षं हा धडा शिकवतेय मी.

चार वाजता केंद्राला तक्ता गेला.
टिकम, शंभर. खवणेकर, चौऱ्याऐंशी.
तक्त्याला एवढंच गिळता येतं.

माझ्या वहीत लिहिलं:
यज्ञेश, उद्या पुस्तक मिटून. वाचायला नको, सांगायला लाव.
एका वाक्यावर अडवायचा, भांडू द्यायचा.
दुर्वाच्या शेजारी बसव.
दुर्वा, फक्त 'ऱ्य': वाऱ्या, खाऱ्या, दुसऱ्या, तिसऱ्या,
शेवटी परत किनाऱ्या.
भ आणि म, थोडे दिवस.
फळ्यावर 'आहे' आणि 'असा' शेजारी शेजारी,
मध्ये काट नको.

मग ते पान परत काढलं,
पेन्सिलीला टोक केलं,
आणि भरती आणि पुढचं वाक्य यांच्या मधल्या
रिकाम्या जागेत
एक गोल काढला.
गाळलेलं.